वहिनींच्या तारल्या

अकोला
१६ ऑक्टोबर २०२४

ती. सुभद्रामावशी,

नमस्कार. मी मैथिली, राजापेठेत तुमच्या शेजारी राहणाऱ्या चिंतामण वकिलांची सून. लग्नानंतर दोन वर्षं तुमच्या भिंतीपलीकडे राहिले, मग सौमित्रची बदली झाली आणि आम्ही अकोल्याचे झालो. काल तुम्हाला फोन केला होता. तुम्ही तीनदा "कोन बोलून राह्यलं?" असं विचारलंत आणि ठेवून दिलात. मग तुमच्या सुनेनं, रागिणीनं सांगितलं की मावशींच्या कानातलं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारतं, पण पेपर मात्र त्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. म्हणून हे पत्र. बऱ्याच वर्षांनी लिहितेय, अक्षराला हसू नका.

आई, म्हणजे तुमच्या गोदावरीवहिनी, बऱ्या नाहीत. विसरण्याचा आजार आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्याचसाठी आम्ही आई-बाबा दोघांना गेल्या वर्षी इकडे आणलं. आता त्यांनी खाणं सोडलंय. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटतात. सौमित्रच्या हातून नाही, माझ्या हातून तर नाहीच. बाबांनी भरवलं तर वरणभाताचे दोन-चार घास जातात, तेवढ्यावर दिवस निघतो. पोलकं अंगावर टांगल्यासारखं दिसतं.

आणि मावशी, त्या एकच गोष्ट मागतात. सकाळी विचारतात, "आज तारल्या आल्या नाहीत का?" दुपारी पुन्हा तेच. मला तारली म्हणजे काय हे माहीत नव्हतं, मोबाइलवर शोधलं तर मासा निघाला. वेंगुर्ल्याच्या माहेरी रोज खायच्या म्हणे. डॉक्टरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, अवश्य द्या, अंगाला चांगलीच असते, फक्त तळू नका, तिखट आणि मीठ कमी ठेवा, काटे नीट काढा. सांगायला त्यांचं काय जातं! आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. त्यांनी तारल्यांचं नाव काढलं की बाबा उठून गॅलरीत जातात. सौमित्र म्हणतो, माशाच्या तेलाच्या गोळ्या आणू, घरात तमाशा नको.

आई एकदा बोलल्या होत्या की मासळी तुमच्या परसात शिजायची. मला कसं करायचं ते लिहून पाठवाल का? अगदी साधं, आजारी माणसाला सोसेल असं. मी आयुष्यात मासा हातात धरलेला नाही, तेव्हा मी काहीच जाणत नाही असं धरून लिहा.

तुमची
मैथिली

*

राजापेठ, अमरावती
२१ ऑक्टोबर

चि. मैथिली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि ताटावरून उठले. वहिनींनी खाणं सोडलं हे मला पटतच नाही. कुणाच्या घरी काही चांगलं शिजलं की भिंतीवर हनुवटी ठेवून उभी राहणारी बाई ती.

ऐक. आमचे हे बडनेऱ्याला रेल्वेत होते, तुला आठवत असतील. मुंबईच्या गाडीवरचा एक ओळखीचा गार्ड कधीमधी बर्फातली मासळी आणून द्यायचा. पहिल्यांदा तारल्या आल्या तेव्हा मी आपल्या वऱ्हाडी रितीनं केल्या. काळा मसाला, लाल तर्री, वर बोटभर तेल. भिंतीपलीकडून आवाज आला, "सुभद्रा, एवढा मसाला घातलास तर मासा कुठे राहिला?" वकिलाची बायको, भटाघरची सून, आणि मला मासा शिकवते! हे हसून म्हणाले, "वहिनी, मंग तुमीच सांगा. इले तर फक्त झणझणीत येते."

तेव्हापासून मी परसातल्या चुलीवर करायची आणि त्या पलीकडून सांगायच्या. तेच तुला सांगते. तारली बोटाएवढी, चंदेरी. नळाखाली अंगठ्यानं उलटी घासली की खवलं सुटतात. डोकं आणि पोट काढायचं, दोन पाण्यांनी धुवायचं, जास्त नाही. हळद, चिमूट मीठ, ठेचलेला लसूण, थोडं ओलं खोबरं, चमचाभर चिंचेचा कोळ. सगळं हातानं लावायचं. भांड्याच्या बुडाशी केळीचं पान, वर तारल्या, वर पुन्हा पान, जेमतेम अर्धी वाटी पाणी, झाकण, मंद आंच. डाव घालायचा नाही, भांडंच फडक्यानं धरून फिरवायचं. डाव घातलास तर मासा मोडेल आणि वहिनी तुला मोडतील. तेलाचा थेंब लागत नाही. काटा मधून धरून उचलला की अख्खा निघून येतो.

इतकं सगळं शिकवलं, पण स्वतः कधी जिभेला लावलं नाही. एकदा मी म्हटलं, "वहिनी, घ्या ना एक घास, कोन पाहून राह्यलं?" तर म्हणाल्या, "मी पाहतेय ना." लग्नाच्या वेळी वकीलसाहेबांनी एवढं एकच सोड म्हटलं होतं म्हणे, त्यांनी सोडलं. तशी पाळणारी होतीच ती. वकीलसाहेबांना कोर्टातून यायला चार वाजोत की पाच, त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय ही जेवायची नाही. मी भांडायची त्यावरून.

कर तू. घाबरू नको. आणि वहिनी माझी आठवण काढतात का ते लिही.

सुभद्रामावशी

*

अकोला
५ नोव्हेंबर

ती. मावशी,

दिवाळीत लिहायला जमलं नाही. तसंही चांगलं काही लिहिण्यासारखं नव्हतं.

तुमचं पत्र पर्समध्ये ठेवून मी मासळीबाजारात गेले. तोंडाला रुमाल बांधलेली आणि पाय उचलून उचलून टाकणारी बाई पाहून सगळे हसले असतील. विकणारीला म्हटलं, तारली द्या, बोटाएवढी, चंदेरी. तिनं बोटाएवढे चंदेरी मासे दिले. मी नाव पुन्हा विचारलं नाही, मला तिथून लवकर निघायचं होतं.

बाबा दुपारी झोपल्यावर मागच्या गॅलरीत विजेची शेगडी मांडून केलं. तुम्ही सांगितलंत तसंच, पान, झाकण, फडकं. दोनदा मोरीत जाऊन ओकून आले हेही सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं. काटे काढून, भातात कालवून आईंपुढे ताटली ठेवली. त्यांनी स्वतःच्या हातानं घास घेतला, मावशी. कित्येक आठवड्यांनी. चावला, आणि माझ्या हातावर थुंकल्या.

"हा गोड्या पाण्यातला आहे," म्हणाल्या. "चिखल लागतो. बंदरावर तुला कुणी फसवलं?" मग वेंगुर्ल्याच्या बंदराचं बोलू लागल्या. होड्या लागल्या की बायका टोपल्या घेऊन कशा धावायच्या, तारल्यांचा ढीग उन्हात कसा चकाकायचा. अशी पूर्ण वाक्यं मी महिन्यात ऐकली नव्हती. ओठ मिटले ते मग संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत.

चूक माझी. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला नाहीतर तळ्यातला, समुद्राचा वेगळा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांना वासावरून कळलं. त्यांनी आंघोळ केली, देवापुढे बसले आणि रात्री जेवले नाहीत. सौमित्रनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. मला वाटतं हा नाद सोडावा.

आई तुमची आठवण काढतात. परवाच नाव घेतलं.

मैथिली

*

राजापेठ, अमरावती
१० नोव्हेंबर

चि. मैथिली,

नाद सोडायचा नाही. समुद्राची माग, हे मी लिहायला हवं होतं, मलाही सुचलं नाही. आम्ही तरी कुठे समुद्र पाहिला?

आता माझं ऐक. प्राजक्ताचा नवरा, माझा जावई देवानंद, वरूडचा आहे. त्याची संत्री मुंबईच्या बाजारात जातात. ट्रक रिकामा परत येतो आणि अकोल्यावरूनच येतो. मी त्याला सांगितलं, पेट्या उतरवल्या की पहाटे बंदरावर जाऊन तारल्या घ्यायच्या, बर्फात भरायच्या आणि अकोल्याच्या बायपासवर मैथिलीच्या हातात द्यायच्या. तो म्हणाला, "आत्याबाई, इतक्या दुरून कोनी तारल्या आनते का? पापलेट आनतो." मी म्हटलं, "पापलेट तुह्या मायले. मले तारल्याच पायजे."

वकीलसाहेबांचं म्हणशील तर मला त्यांचा राग आहे आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे. पन्नास वर्षं ही बाई त्यांच्या शब्दावर राहिली. तिला मासे नकोत असं नव्हतं, मी भिंतीवर तिचं तोंड पाहिलंय. आता ती देवाघरी निघाली तरी हे गॅलरीत जाऊन उभे! त्या दिवशी त्यांना कुठे तरी पाठवून दे. कुणाचं प्रवचन असेल, कुणाचा सत्कार असेल, काहीही सांग. त्यांच्या नकळत कर आणि वहिनींना पोटभर खाऊ दे.

वहिनींनी माझं नाव घेतलं हे वाचून बरं वाटलं. काय म्हणाल्या ते नाही लिहिलंस.

सुभद्रामावशी

*

अकोला
१८ नोव्हेंबर

ती. मावशी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत शिकवायला गेले होते. बाबांनी घेतलं, आणि पाकीट फोडून वाचलं. मी आले तेव्हा ते कागद मांडीवर ठेवून बसले होते.

ते म्हणाले, "सुभद्राबाईंचं बरोबर आहे. फक्त एक त्यांना कळव. तिनं माझ्यापाशी कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, मला माहीत नाही. आता मी रोज त्याचाच विचार करतो."

थोड्या वेळानं विचारलं, ट्रक कधी येतो. मी म्हटलं, बाबा, मी मागच्या गॅलरीतच करीन, तुम्हाला त्रास होणार नाही. तर म्हणाले, "गॅलरीत का? तिचं स्वयंपाकघर आहे. आतल्या गॅसवर कर." देव्हारा त्याच भिंतीला आहे. त्यांनी स्वतः देव उचलून आमच्या झोपायच्या खोलीत नेऊन ठेवले. सौमित्र दारात उभा राहून बघत होता. बापाला अडवावं की मदत करावी हे त्याला कळेना, शेवटी तो समई घेऊन त्यांच्या मागे गेला.

लवकर पाठवा मावशी. आता बाबांच्या हातूनही दोनच घास जातात. ते चमचा घेऊन बसलेले असतात, "गोदा, एवढा एक, माझ्यासाठी," असं म्हणत. आणि आई बाकी सगळं जग विसरल्या तरी त्यांना ओळखतात, म्हणून तेवढा एक घेतात. डॉक्टरांनी नाकातून अन्नाची नळी घालायचं विचारलंय. बाबा म्हणाले, आधी तारल्या येऊ देत.

मैथिली

*

राजापेठ, अमरावती
२४ नोव्हेंबर

चि. मैथिली,

वकीलसाहेबांनी देव हलवले हे वाचून मी चष्मा काढून डोळे पुसले. रागिणी म्हणाली, "आई, तब्येत बरी हाय ना?" राग ठेवीन म्हटलं होतं, पण असं काही केलं की माणसाला रागसुद्धा धड ठेवता येत नाही.

देवानंदचा ट्रक महिना संपता संपता निघेल. मार्गशीर्ष लागायच्या आत तारल्या तुझ्या हातात पडतील. मार्गशीर्षात आमच्याकडे गुरुवारमुळे महिनाभर मासळीला कुणी हात लावत नाही, म्हणून म्हणते. मीच येऊन केल्या असत्या, पण गुडघे ऐकत नाहीत.

साफ करताना डोळे मिटू नको, कापून घेशील. एकदा पोट काढून झालं की मग काही वाटत नाही. हाताला वास राहिला तर बेसन आणि लिंबू चोळून धू, जातो. वहिनींना गरम गरम वाढ, झाकण त्यांच्यासमोर उघड. माझा शब्द आहे, वास नाकात गेला की त्या उठून बसतील.

त्या जेवल्या की लगेच लिही. दोन ओळी पुरेत.

सुभद्रामावशी

*

अकोला
९ डिसेंबर

ती. मावशी,

तुम्ही दोन ओळी मागितल्या होत्या, त्या मला लिहिता आल्या नाहीत. आज सगळंच लिहिते.

तारल्या आल्या. बर्फातून काढल्या तेव्हा खरंच चकाकत होत्या. डोळे न मिटता साफ केल्या, आतल्या गॅसवर ठेवल्या. झाकण उघडलं आणि तुमचा शब्द खरा ठरला. आई कुणाच्याही आधाराशिवाय चालत आल्या. टेबलाशी बसल्या, पदर सारखा केला. ताटलीत वाढल्यावर दोन बोटांनी काटा धरला आणि अलगद अख्खा उचलून बाजूला ठेवला. हातांना सगळं आठवत होतं. भात घेतला, मासा कुस्करला, सुंदर गोल घास केला. सौमित्र दाराआड रडत होता. मावशी, त्या क्षणी मला वाटलं आपण जिंकलो.

मग त्यांनी ताटली बाबांपुढे सरकवली. म्हणाल्या, "आधी तुम्ही घ्या."

बाबा म्हणाले, "आज तू घे, मी मागून घेतो." त्या हसल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मी विनवलं, सौमित्रनं विनवलं. ताटली निवायला लागली. तुम्ही लिहिलं होतंत ना, त्यांच्या आधी जेवायची नाही. ते तुमचं पत्र बाबांनी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांना ते कुणी सांगायची गरज नव्हती. सारा जन्म त्यांनी तेच पाहिलं होतं. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, मावशी. त्यांनी देव्हाऱ्याच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं, तो घास उचलला आणि तोंडात घातला. डोळे मिटून चावला, गिळला. म्हणाले, "छान झालंय, गोदा. आता तू."

आई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. किती तरी वेळ. मग पदर डोक्यावरून घेतला, खुर्ची मागे सरकवली आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण आहेत? माझे यजमान मासे खात नाहीत. ते कोर्टातून आले की मी जेवेन."

ताटली तशीच राहिली. त्या जाऊन दारात बसल्या.

तेव्हापासून त्या बाबांच्या हातूनही खात नाहीत. ते समोर आले की परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा पदर घेतात. पेटीतून काळा कोट काढून बाबांनी एका संध्याकाळी अंगावर चढवला, खाली जाऊन फाटकातून आत आले, कोर्टातून येत तसे. आई उठल्या. जवळ गेल्या, त्यांचा हात हातात घेतला, नाकाशी नेला, आणि सोडून दिला.

आता बाबांच्या मनानं घेतलंय की हाताला वास आहे म्हणून ती ओळखत नाही. तुमच्या पत्रातलं बेसन आणि लिंबू मीच त्यांना सांगितलं होतं. ते दिवसभर हात धूत असतात. कातडी सोलवटलीय. धुऊन झालं की आईंसमोर जाऊन हात पुढे करतात, त्या मान फिरवतात, हे पुन्हा बेसिनशी. आज मला म्हणाले, सुभद्राबाईंना विचार, समुद्राच्या मासळीचा वास हाताला किती दिवस राहतो.

आईंना परवा नळी घातली. त्या ती उपटतात म्हणून हात बांधून ठेवावे लागतात. मासे आता मागत नाहीत.

आणखी एक. त्यांनी तुमचं नाव कधी घेतलं नाही. मी खोटं लिहिलं. मला वाटलं, तुम्हाला तेवढं तरी मिळावं.

मैथिली

*

राजापेठ, अमरावती
१४ डिसेंबर

मैथिली बाई,

नावाचं राहू दे. वाटलंच होतं मला. काय म्हणाल्या ते तू दोन पत्रांत लिहिलं नाहीस, तेव्हाच समजले. तरी वाचून रडले. भिंतीपलीकडे आता दुसरे लोक राहतात, त्यांना मी ओळखत नाही.

तारल्या मी पाठवल्या. माझ्या मनात त्या ताटलीतच राहतील. तू स्वतःला दोष देऊ नको, तुला कामं आहेत. दोष द्यायला मी रिकामी आहे.

सोबत वकीलसाहेबांसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे, ती त्यांच्या हातात दे. त्यांनी विचारलं त्याचं उत्तर आहे. मी लिहिलंय की समुद्राच्या मासळीचा वास फार चिवट, महिना-महिना जात नाही, पण धुता धुता जातो. कोमट पाणी घ्या, आणि हातांना खोबरेल लावत जा, एवढंही लिहिलंय.

तुला म्हणून खरं सांगते. दुसऱ्या दिवशीच जातो तो. हे त्यांना कधी सांगू नको.

सुभद्रामावशी